गुरुवारी माझं ऑपरेशन आहे

सांगली

ती. आई-अण्णांना सा. नमस्कार.

फोनवर सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की माझी जीभच रेटत नाही. गुरुवारी मिरजेला माझी गर्भाशयाची पिशवी काढायची आहे. तारीख ठरवून मग कळवतेय, राग येईल तुम्हाला. पण अण्णांची अँजिओप्लास्टी होऊन वर्षसुद्धा झालं नाही, कुठल्या तोंडाने सांगू?

अंगावरचं जाणं दीड वर्ष सोसलं. गोळ्या झाल्या, हार्मोनची तांबी बसवली, तीही निघून आली. हिमोग्लोबिन आठवर आलं आणि मी शाळेच्या जिन्यात मध्येच बसायला लागले. अस्तराचा तुकडा तपासलाय. कॅन्सर नाही, साध्या गाठी आहेत.

आई, तुझं ऑपरेशन मला आठवतंय. खोकला आला की तू उशी पोटाशी घट्ट दाबायचीस. पोटाला जुन्या नऊवारीची पट्टी बांधताना एक टोक धरून मी उभी असायचे. माझं तसं नाही गं. माझ्या पोटावर एकही टाका नसेल. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, पिशवी फार मोठी नाही आणि जरा खाली उतरलेली, म्हणून खालूनच काढता येते, कमरेत इंजेक्शन देऊन. दुर्बिणीचंही विचारलं मी. त्यात तीन-चार भोकं पाडून पोटात गॅस भरतात, पूर्ण भूल देतात, वेळही जास्त लागतो. आत चिकटलेलं असेल किंवा अंडाशयाला गाठ असेल तर तेच बरं. रोबोटचीही तशीच भोकं, डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतात. खर्च मात्र कितीतरी जास्त, आणि साध्या दुखण्यात दुर्बिणीपेक्षा वेगळा फायदा दिसलेला नाही. खालून जमत असेल तर आधी तेच, असा अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला आहे. क्वचित अडचण आली तर दुर्बीण लावावी लागते, नाहीतर पोट उघडावं लागतं. तशी सही दिलीय, तुमच्यापासून लपवत नाही. अंडाशय ठेवणार आहेत, त्यामुळे अंगातली गर्मी, चिडचिड एकदम सुरू व्हायची नाही.

दोन-तीन दिवसांत घरी येईन. ह्यांनी रजा टाकलीय, पोळ्यांना बाई आहे. सहा आठवडे बादलीसुद्धा उचलणार नाही, तुझी शपथ.

आता माझं ऐका. गुरुवारी यायचं नाही. दवाखान्यातल्या बाकड्यावर तुम्ही दोघं ताटकळलेली मला बघवणार नाहीत. रविवारी कोयना एक्सप्रेसने या, एसटीने नको. अण्णा, रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि अजिंक्यताऱ्याची चढण तूर्त बंद. आई, डिंकाचे लाडू करत बसू नकोस. केलेसच तर थोडेच कर, खारीक जास्त घालून.

सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशनला दोन वेण्या घालून या. तू दवाखान्यात होतीस तेव्हा अण्णांनी माझ्या घातल्या होत्या, एक वर, एक खाली, आणि मी तशीच शाळेत गेले होते. या वेळी तुमची नात घालणार आहे.

तुमची,
बेबी