पहिली पाच मिनिटं

सांगली,
१५ ऑक्टोबर

चि. मनू,

रविवारी तू फोन आपटलास. आई म्हणाली, "चार दिवस गप्प बसा, ती आपण होऊन करेल." दोन दिवस बसलो. आज बुधवार.

चूक माझी आहे, आधीच कबूल करतो. तुझ्या मेलबर्नच्या रूममेटला मी मेसेज करायला नको होता. "ती दम्याचा पंप जवळ ठेवते का, जरा बघशील का," एवढंच लिहिलं होतं. पण तुझ्या पाठीमागे लिहिलं. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या बापानं असं करू नये, हे मला कळतं. ("हो अंकल, ठेवते," असं उत्तर आलं तिचं. पोरगी चांगली आहे.)

काल आबांची ट्रंक माळ्यावरून खाली काढली, दादा न्यायला येणार आहे म्हणून. तिच्या तळाशी 'फाइंडिंग निमो'ची, तुझ्या त्या माशांच्या कार्टून सिनेमाची, सीडी निघाली. दोन तबकड्या, दुसरीवर तो लांबलचक ओरखडा. टूथपेस्ट लावून, माझ्या जुन्या बनियननं किती घासली होती! तरी कासवांपाशी अडकायचीच.

तुला तो सिनेमा आठवत असेल. मला आठवतो तो औषधाची वाफ देणाऱ्या मशीनचा आवाज. घर्रर्र. तू सहा वर्षांची, तोंडावर तो हिरवा मास्क, दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं. शंभर मिनिटांचा सिनेमा अशा तुकड्यांत अडीच दिवस पुरायचा. मास्कच्या भोकांतून वाफ निघायची आणि तू म्हणायचीस, "बाबा, माझे बुडबुडे." इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं मी पदरचं घालायचो. निमोचा बाप मार्लिन शाळेत जाणाऱ्या निमोला "डबा संपवून ये" असं म्हणत नाही, हे तुला फार उशिरा कळलं.

आणि ते दुसरंही. सुरुवात मी कधीच दाखवली नाही. मार्लिन आणि कोरल, समुद्रफुलातलं नवं घर, चारशेच्या वर अंडी, मग तो बॅराकुडा, आणि शेवटी उरलेलं एकच अंडं. पहिली पाच मिनिटं मी रिमोटनं पुढे ढकलायचो. तू विचारलंस, "निमोची आई कुठंय?" मी म्हणालो, "माहेरी गेलीय." दोन वर्षं ती बिचारी माहेरीच राहिली. मग शेजारी वाढदिवसाला गेलीस, तिथे तोच सिनेमा लावला होता. घरी आलीस, चपलासुद्धा न काढता दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ती माहेरी नव्हती ना?"

रडली नाहीस. नुसती बघत राहिलीस माझ्याकडे. रविवारी फोनवर तू "बाबा, तुम्ही पुन्हा तेच केलंत," म्हणालीस तेव्हा मला ते दार आठवलं. तुला आठवलं होतं का, माहीत नाही.

आता एक सांगतो, रागावू नकोस. २१ नोव्हेंबर २०१६ ला तुझ्या त्याच मेलबर्नमध्ये संध्याकाळी वादळ आलं. राय गवताचे पराग ओलाव्यानं फुटले, त्यांचे बारीक कण लोकांच्या थेट फुप्फुसात गेले. हजारो माणसं इस्पितळांत धावली, दहा गेली. ज्यांना कधी दमा नव्हता अशांनाही धाप लागली, तिथे तुझं काय! १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर तिथलं सरकार रोज या वादळी दम्याचा अंदाज देतं. तो सकाळी बघायचा. वादळ दिसलं की खिडक्या लावून घरात बसायचं. पंप बॅगेत नाही, खिशात. बॅग वर्गात राहते, माणूस बाहेर येतो, मिरजेला काय झालं होतं ते...

झालं. लेक्चर दिलंच. माफ कर. खरं तर हे सगळं तू मला सांगावंस इतकं तुला माहीत आहे.

काल मी तो सिनेमा पुन्हा बघितला, पहिल्यापासून, एकट्यानं, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर. आई मधूनच येऊन म्हणाली, "या माशांत मादी गेली की नरच मादी होतो, म्हणजे हा मार्लिन खरं तर आई व्हायला हवा होता." चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, काय करणार. देवमाशाच्या तोंडात मार्लिन त्या विसराळू मासोळीला, डोरीला, सांगतो की, मी निमोला कधीच काही होऊ देणार नाही असं वचन दिलंय. तिला ते विचित्र वाटतं. काहीच होऊ दिलं नाहीस, तर त्याचं कधी काही होणारच नाही की! आपल्या भाषेत तर हे जास्तच लागतं. तू लहान असताना हा संवाद मी तुला काय म्हणून सांगितला होता, आठवतंय? "डोरीला भूक लागलीय."

हा सिनेमा करणाऱ्या अँड्र्यू स्टँटनला तो सुचला कसा, तेही वाचलं. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तो बागेत गेला होता आणि सारखं हे नको, त्याला हात लावू नको, असंच करत राहिला. वाचून जरा बरं वाटलं. आपण एकटेच नाही.

निमोचा एक पंख छोटा असतो, मार्लिन त्याला 'लकी' म्हणतो. तू मात्र तो पंख तेव्हाच उचलला होतास. पहिलीत दप्तरातला पंप बघून बाईंनी विचारलं, हे काय, तर म्हणालीस, "हा माझा लकी पंख आहे." बाईंनी मला बोलावून घेतलं, मला वाटलं तक्रार आहे. बारावीत कळसूबाई चढलीस. १६४६ मीटर, आणि मला फोन केलास खाली बारीत उतरल्यावर. मी तुला खूप बोललो. मग ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले, हे तुला आईनं सांगितलं असेलच. नसेल तर आता कळलं.

जाळ्याचा प्रसंग काल तीनदा मागे नेऊन बघितला. बाकीच्या माशांना सोडवायला निमो परत जाळ्यात शिरायचं म्हणतो, आणि मार्लिन त्याला सोडतो. सोडायच्या आधी क्षणभर घट्ट धरतो. तेवढंच बघत होतो.

तुझ्या रूममेटला आता मेसेज करणार नाही. तिचा नंबर काढून टाकलाय. (आईकडे आहे, पण ती करत नाही.)

दिवाळीचं पार्सल उद्या निघेल. चकली आहे, भाजणी तुझ्या मावशीची. चकलीच्या डब्याखाली पंपाला लावायचा एक नवा स्पेसर ठेवलाय. लपवून ठेवणार होतो, पण या वेळी आधीच सांगतोय.

तुझा,
बाबा

ता. क. इथे रात्रीचे साडेदहा, म्हणजे तुझ्याकडे पहाटेचे चार. उत्तराची घाई नाही. आज तिकडे पाऊस दाखवतोय.