शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचू दे

उन्हाळी सुट्टीत मुंबईतल्या शाळांच्या इमारतींना रंग लागतो, वर्गाच्या आत मात्र काही बदलत नाही. उघड्या भिंती, फरशी आणि स्लॅब यांमुळे शिक्षकांचा आवाज घुमतो. शब्दांची शेवटची अक्षरे मागच्या बाकांवर पोहोचेपर्यंत विरतात. याचा फटका सर्वाधिक बसतो तो नुकतेच वाचायला शिकणाऱ्या लहानग्यांना! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वर्गात बाहेरचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. आपल्याकडे तर शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राचीच दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, आणि रेल्वेमार्गालगतच्या शाळांचे काय सांगावे? खिडक्या लावल्या तर उकाड्याने मुले पेंगतात. पुढची दुरुस्ती काढताना छताला आवाज शोषणारे तक्ते आणि समोरासमोर खिडक्या यांची तरतूद निविदेतच करावी.

— एक निवृत्त शिक्षिका, परळ