तो दुतोंड्या नव्हे, खापरखवल्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'घराच्या अंगणात दुतोंड्या साप मारला' ही बातमी आपल्या जिल्हा पानावर वाचली. सोबतचा फोटो पाहून फार वाईट वाटले. तो साप खापरखवल्या होता. बिनविषारी, गांडुळे खाऊन जगणारा आणि सगळे आयुष्य मातीखाली काढणारा.

याचे सगळे कुळ फक्त दक्षिण भारत आणि श्रीलंकेत आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्यातला खैरेंचा काळा खापरखवल्या तर दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकाचाच रहिवासी. डेव्हिड गॉवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी २०१६ मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचे नाव त्याला दिले. त्याआधी तो दुसऱ्याच एका जातीत मोजला जात होता.

गेल्या पावसाळ्यात आंबोलीच्या रस्त्याकडेला एक खापरखवल्या मी अगदी जवळून पाहिला. जेमतेम हातभर लांब, काळाभोर. ओल्या अंगावर ऊन पडले की निळसर झाक मारायची. डोळे खसखशीच्या दाण्याएवढे. केळीच्या पानावर घेतला तरी फुत्कार नाही, चावायला धावणे नाही. निमुळते डोके पानाखाली खुपसून तो माती शोधत राहिला. झाडाखालच्या पाचोळ्यात सोडला, तर मिनिटभरात दिसेनासा झाला. माती उकरायला त्याला ना पाय, ना नखे. कातडीच्या आतल्या आत कणा नागमोडी वाकवून तो अंग फुगवतो, बीळ रुंदावतो आणि डोके पुढे रेटतो. शाळेत इतकी वर्षे विज्ञान शिकवले, पण हे मला निवृत्तीनंतर कळले!

या कुळातल्या बऱ्याच सापांची शेपटी तिरकी छाटल्यासारखी, खापरासारखी खरखरीत असते. तिलाच लोक दुसरे तोंड समजतात. कोणी फुरशाचे पिल्लू म्हणून ठेचतो, कोणी मांडूळ म्हणून पिशवीत भरतो. मुसळधार पावसात हे साप जमिनीवर येतात आणि नेमक्या त्याच दिवसांत, शनिवार-रविवारी, घाटात गाड्यांची रीघ लागते. सकाळी फिरायला निघालो की डांबराला चिकटलेले दोन-तीन तरी दिसतात. हे साप थेट पिल्लांना जन्म देतात, तीही मोजकीच. पोटुशी मादी चाकाखाली गेली तर किती जीव गेले, हे सांगायला नको.

वन विभागाने जून ते सप्टेंबर रात्रीच्या वेळी घाटमाथ्यावर गाड्यांचा वेग कमी करायला लावावा. आणि आपणास विनंती, पावसाच्या तोंडावर खापरखवल्याचा मोठा रंगीत फोटो त्याच जिल्हा पानावर, खऱ्या नावासह छापावा. तो कापून गावातल्या शाळेच्या फलकावर लावायची जबाबदारी माझी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. सावंतवाडी