ओव्हरक्लॉक करायचाय ना, मग आधी मे महिना बघ

काय भो बंड्या,

तुला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचाय, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचाय, म्हणून तू पाठवलेली पीसीच्या पार्ट्सची लिस्ट बघितली. त्या दुकानदाराने तुला इंटेलचा १२४००एफ प्रोसेसर आणि एच६१० चा मदरबोर्ड लावून दिलाय आणि वर म्हणे "होतो की ओव्हरक्लॉक, बायोसमधून करून देतो" (बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर). नाही होत रे! इंटेलमध्ये ज्याच्या नावात के असतो त्याचाच मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) उघडा, म्हणजे बदलता येतो, आणि तो फिरवायला बोर्डही झेड सिरीजचा लागतो. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, बस एवढंच. चिप चांगलीये, जशीच्या तशी वापरायची असती तर म्हटलं असतं घेऊन टाक, पण तुला खुडबूड केल्याशिवाय झोप कुठे येते. के वाला घ्यायचा तर १२६००के, त्याला झेड६९० बोर्ड, आणि फुल लोडला तो १५० वॅट ओढू शकतो म्हणजे कूलरही तगडा, बजेटचं वाटोळं.

माझं मत विचारशील तर एएमडीचा रायझन ५ ५६०० घे. सहा कोर (काम करणारे भाग), बारा थ्रेड (एकावेळी चालणारी कामं), मल्टिप्लायर उघडा, आणि बी४५० नाहीतर बी५५० बोर्डावर सगळं करता येतं. फक्त ए३२० किंवा ए५२० कोणी गळ्यात मारायला लागला तर घेऊ नको, त्यांच्यावर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही. रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त पडतो हे खरंय, पण त्यात एल३ कॅश (चिपच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२, गेममध्ये तो फरक जाणवतो, आणि ती कॅश काय तू घड्याळ (चिपचा वेग, क्लॉक) पळवून भरून काढू शकत नाहीस. दोन्हीत आतलं ग्राफिक्स नाही, पण तुझं जुनं कार्ड आहेच.

आता मेन मुद्दा. तू ज्या व्हिडिओंवरून ४.७, ४.८ गिगाहर्ट्झची स्वप्नं बघतोयस ते लोक एसीत बसलेत, खोली २२-२४ डिग्री. तुझी भुसावळची वरची खोली, पश्चिमेची भिंत, मे महिन्यात बाहेर ४५ आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला. कूलर कितीही भारी आण, तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, खोली १५ डिग्रीने वाढली की चिपही साधारण तेवढीच वाढते. म्हणजे त्यांच्याकडे ७० दिसतंय ते तुझ्याकडे ८५, आणि ५६०० ची हद्द ९० डिग्रीची, त्याच्यापुढे तो आपोआप घड्याळ खाली आणतो, मग कसला आला ओव्हरक्लॉक.

आणि खरं सांगू का, जुनी मजा आता राहिलीच नाही. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरची बस (बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाचा वेग) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चे सरळ ४५० मेगाहर्ट्झ व्हायचे. आता कंपनीच बूस्टच्या, म्हणजे आपोआप वेग वाढवण्याच्या, नावाखाली चिप आधीच पिळून पाठवते. सगळे कोर एका आकड्यावर लॉक केलेस तर उलट हलक्या कामात एका कोरचा बूस्ट जाऊ शकतो.

म्हणून तुझ्यासाठी उलटा रस्ता. बायोसमध्ये पीबीओ (एएमडीची बूस्टची सेटिंग) अ‍ॅडव्हान्स्ड कर, त्यात कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग), ऑल कोअर, निगेटिव्ह, आणि सुरुवात १० ने. म्हणजे त्याच घड्याळाला व्होल्टेज कमी, गरमी कमी, मग चिप स्वतःच जास्त वेळ वर टिकते. चाललं तर १५, मग २०. एक लक्षात ठेव, यातली गडबड फुल लोडवर नाही तर रिकामं पडल्यावर दिसते, तू चहा प्यायला खाली गेलास आणि वर येऊन बघतोस तर पीसी रिस्टार्ट झालेला. तसं झालं की दोन-तीन पावलं मागे ये. आणि टेस्ट दुपारी तीनला कर भाऊ, डिसेंबरच्या थंडीत तर काहीही पास होतं. रॅम ३६०० ची मिळाली तर बघ, फॅब्रिक (चिपच्या आतला डेटाचा रस्ता) १८०० वर, म्हणजे रॅमच्या खऱ्या घड्याळाबरोबर, एकास एक चालतं, नसेल तर ३२०० पण झकास.

वाचलेल्या पैशात टॉवर कूलर (उंच, उभा पंखेवाला) घे, प्रोसेसरच्या डब्यातच येणारा छोटा स्टेल्थ कूलर इकडच्या उन्हाळ्याला पुरायचा नाही. खोलीतल्या वाळ्याच्या कूलरची हवा मात्र थेट कॅबिनेटवर सोडू नको, थेंब उडतात आणि ओलीवर धूळ चिकटून जाळीचा पार चिखल होतो.

बोर्ड बी४५० असेल तर दुकानातच विचारून घे ५६०० साठी बायोस अपडेट केलाय का, नाहीतर घरी आणून लावशील आणि डिस्प्लेच येणार नाही. फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसर न लावताच बायोस अपडेट करायचं) असलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि टॉवर कूलर मागवायच्या आधी कॅबिनेट आतून किती रुंद आहे ते मोजून मला पाठव, बरेच कूलर १५५ मिलिमीटरच्या आसपास उंच असतात, तुझ्या त्या जुन्या कॅबिनेटची साइडची प्लेट लागेल की नाही मला शंकाय.

तुझाच,
जळगाववाला