बार्सिलोनात राहायला येणाऱ्यांनी आधी घराचा विचार करावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी तरुणांच्या बोलण्यात अलीकडे अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी यांच्या जोडीने भूमध्य समुद्राकाठच्या शहरांची, विशेषतः बार्सिलोनाची, नावे येऊ लागली आहेत. दुसऱ्या देशातील कंपनीचे काम घरी बसून करणाऱ्यांना स्पेनने 2023 पासून स्वतंत्र व्हिसा देऊ केला, तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या अनेकांकडून मला विचारणा होत असते. मी नोकरीनिमित्त या शहरात आले, इथेच संसार मांडला आणि माझी मुले इथल्याच शाळेत शिकली. या शहराचा मला मनापासून लळा आहे. इथल्या वास्तव्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात ऊन, समुद्र आणि खाद्यपदार्थ यांनाच बहुतेक जागा मिळते. ज्या प्रश्नांवर इथले रहिवासी वर्षानुवर्षे झगडत आहेत ते मात्र बाजूला राहतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी या शहराचे चांगलेपण नेमके कशात आहे ते सांगते, कारण ते केवळ हवामानात नाही. सुमारे 100 चौरस किलोमीटरांत 16 ते 17 लाख माणसे राहतात, म्हणजे युरोपच्या मानाने ही वस्ती अतिशय दाट आहे, आणि तरीही इथे पायी चालणे सुखाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जुन्या शहराची तटबंदी पाडली गेली आणि इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने आखलेले नवे शहर उभे राहिले. सुमारे 113 मीटर बाजू असलेले इमारतींचे चौकोन, कोपरे छाटून मोकळे केलेले चौक आणि 20 मीटर रुंदीचे रस्ते अशी ती आखणी आहे. चौकोनांच्या आतल्या बागा पुढे बांधकामांनी गिळल्या, हे खरे; पण वाणसामानाचे दुकान, शाळा, दवाखाना आणि मेट्रोचे स्थानक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही सोय त्या आखणीमुळे आजही टिकून आहे. पोब्लेनोऊ भागात 2016 पासून काही चौकोन एकत्र करून आतल्या रस्त्यांवरची वाहने कमी केली गेली, नंतर सांत आंतोनी भागातही तसे झाले, आणि आता तिथे मुले खेळतात, वृद्ध बाकांवर बसतात. 1992 च्या ऑलिंपिकपूर्वी समुद्रकाठच्या मोठ्या भागात कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते. ते हटवून केलेल्या पुळणीवर आज कोणीही, एक पैसा न देता, जाऊन बसू शकतो. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत पदपथासाठीही भांडावे लागते, त्यामुळे या सार्वजनिक सुखाचे मोल मला फार वाटते.

आरोग्यसेवेचेही तसेच आहे. कामावरून सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरली जाऊ लागली की घराजवळच्या सरकारी दवाखान्यात आपल्या नावे एक डॉक्टर नेमला जातो. त्याच्याकडे तपासून घेण्याचे पैसे पडत नाहीत आणि औषधे सवलतीच्या दरात मिळतात. तज्ज्ञांची वेळ मिळायला मात्र महिनोन्महिने लागू शकतात, त्यामुळे परवडते ती माणसे खासगी विमाही काढून ठेवतात.

आता घराविषयी, कारण बाकीचे सारे हिशेब या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. जून 2024 मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केले, की मागच्या दहा वर्षांत शहरातील भाडी 68 टक्क्यांनी वाढली असून, पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी परवाने मिळालेल्या 10,101 सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवले जाणार नाहीत. स्पेनचे किमान वेतन 2025 मध्ये महिना 1,184 युरो, वर्षाला चौदा हप्ते, एवढे होते. आणि बार्सिलोनातील सरासरी घरभाडे महिना 1,100 युरोंच्या आसपास किंवा वरच राहिलेले आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की इथला वेटर, परिचारिका किंवा दुकानातला कामगार कसा राहत असेल याची कल्पना येईल. तिशी ओलांडलेली, व्यवस्थित नोकरी असलेली माणसे दोन-तीन अनोळखी लोकांसोबत एका घरात खोली घेऊन राहतात, आणि त्यात कोणालाही नवल वाटत नाही.

कायद्याने उपाय केले नाहीत असे नाही. मार्च 2024 पासून कातालोनियातील, म्हणजे बार्सिलोना ज्या स्वायत्त प्रांतात आहे त्यातील, अनेक नगरांत, बार्सिलोनासह, घरभाड्यावर मर्यादा आली. नियमित करार असेल आणि घरमालक संस्था नसून व्यक्ती असेल, तर भाडेकरूला पाच वर्षे त्या घरात राहण्याचा हक्क मिळतो. मात्र ही मर्यादा येताच अनेक मालक अकरा महिन्यांच्या आतल्या तात्पुरत्या करारांकडे वळले, आणि परदेशातून नव्याने येणाऱ्याला बहुधा असाच करार पुढे केला जातो. असा मालक पुष्कळदा त्या पत्त्यावर महापालिकेकडे रहिवासी म्हणून नोंद करायला नाखूश असतो. रहिवासाची ही नोंद नसेल तर आरोग्यपत्र, मुलांचा शाळाप्रवेश आणि पुढची कागदपत्रे यांतले प्रत्येक काम अडून बसते. राहत्या ठिकाणी नोंद होणे हा हक्क आहे आणि मालकाची नाखुशी त्याच्या आड येऊ शकत नाही, हे नवख्यांना ठाऊक नसते, ते त्यांनी आवर्जून समजून घ्यावे.

इथे मला आपल्याच लोकांशी स्पष्ट बोलायचे आहे. जुलै 2024 मध्ये बार्सिलोनातील हजारो रहिवाशांनी अतिपर्यटनाविरुद्ध मोर्चा काढला आणि काही जणांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ती दृश्ये जगभर दाखवली गेली. पाहुण्यावर पाणी उडवणे मला पटले नाही. मात्र त्या मोर्च्यातला राग केवळ पर्यटकांवर नव्हता. परदेशी पगारावर इथे येऊन, चढे भाडे विनातक्रार देऊन, दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात जाणारा रहिवासीही त्या भाडेवाढीत भर घालतो. ज्या व्हिसाविषयी मला विचारले जाते त्यासाठी किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न दाखवावे लागते. म्हणजे तो घेणारा माणूस पहिल्या दिवसापासून शेजाऱ्यापेक्षा वरचढ ऐपतीचा असतो. त्याने येऊ नये असे मी म्हणत नाही. त्याने नियमित करार मागावा, पर्यटकांसाठीच्या सदनिकेत महिनोन्महिने मुक्काम ठोकू नये आणि चालू दराहून जास्त भाडे देऊ करून इतरांना मागे टाकू नये, एवढे तरी त्याच्या हाती नक्कीच आहे.

कागदपत्रांची वाटही लांबची आहे. ओळखपत्राचे नूतनीकरण, बोटांचे ठसे, पत्त्यातील बदल, प्रत्येक कामाला आगाऊ वेळ घ्यावी लागते, आणि ती मिळणे इतके अवघड झाले आहे की विनामूल्य मिळणारी वेळ दलाल पैसे घेऊन विकतात. लॅटिन अमेरिकेतील बहुतेक देशांच्या नागरिकांना दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर स्पॅनिश नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारतीयांना दहा वर्षे थांबावे लागते, आणि ते मिळाले की भारताचे नागरिकत्व सुटते. भारतातील वाहन परवाना इथे बदलून मिळत नाही, इथली परीक्षा नव्याने द्यावी लागते. डॉक्टर, वास्तुविशारद अशा नियमबद्ध व्यवसायांतील पदव्यांना मान्यता मिळवण्यात वर्षे जाऊ शकतात.

या सगळ्यांत मनाला अधिक लागणारी अडचण आईवडिलांची आहे. त्यांना इथे कायम आणायचे तर आधी आपल्याला दीर्घकालीन वास्तव्याचा दर्जा मिळावा लागतो, ज्याला साधारण पाच वर्षे लागतात. त्यानंतरही आईवडील सहसा 65 वर्षांवरचे आणि आपल्यावर अवलंबून असल्याचे सिद्ध करावे लागते. ते आले तरी सरकारी आरोग्यसेवा त्यांना आपोआप लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. एक वर्षाच्या वास्तव्यानंतर महिना 157 युरो भरून ती घेण्याची सोय आहे, पण तिच्यात दवाखान्याबाहेर घ्यायच्या औषधांचा खर्च धरलेला नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आईला नाशिकहून इथे आणावे की नाही, हा निर्णय घेताना माझ्या परिचयातील कुटुंबांची झोप उडालेली मी पाहिली आहे. परदेशी जाताना पंचविशीतला माणूस हा प्रश्न विचारत नाही, आणि चाळिशीत तो त्याच्यापुढे येऊन उभा राहतो.

पगार जर्मनी किंवा नेदरलँड्सपेक्षा कमी आहेत. केवळ इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्या संगणक क्षेत्रात आणि मोजक्या परदेशी कंपन्यांत मिळतात. बाकी ठिकाणी स्पॅनिशशिवाय गत्यंतर नाही.

भाषेचा मुद्दा मात्र नोकरीपुरता नाही. कातालोनियात कॅटलान आणि स्पॅनिश या दोन्ही अधिकृत भाषा आहेत, आणि सरकारी शाळांतील शिक्षण मुख्यतः कॅटलानमध्ये होते. स्पॅनिशवर काम भागते म्हणून वर्षानुवर्षे कॅटलानचा एक शब्दही न शिकणारे आपले लोक मला भेटतात, आणि तेच लोक मुंबईत मराठी न शिकणाऱ्यांवर संतापलेले असतात. कॅटलानचे प्राथमिक वर्ग विनामूल्य चालतात, आणि शिकणाऱ्याशी आठवड्यातून एकदा गप्पा मारायला स्वयंसेवकही मिळतात. भाषा आणि माणसे जोडण्याची याहून मोठी संधी मानवी मनोरे रचणाऱ्या इथल्या मंडळांत आहे. युनेस्कोने 2010 साली या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. दहीहंडीचे थर पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही कला परकी वाटायचे कारण नाही. सरावाला कोणीही जाऊ शकतो, तळाच्या गर्दीत आधाराला अनेक खांदे लागतात, आणि तिथे बँकेतला अधिकारी, सेनेगलहून आलेला कामगार आणि शाळकरी मुलगी एकमेकांचा भार पेलत उभी असतात. ज्यांचे इथे मन रमत नाही अशा प्रत्येकाला मी आपल्या भागातल्या मंडळाचा पत्ता देते.

हवामानाविषयीही भ्रम नसावा. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर 1 फेब्रुवारी 2024 रोजी धरणांतील साठा 16 टक्क्यांच्या खाली गेला आणि बार्सिलोनासह परिसरात पाणी आणीबाणी जाहीर करावी लागली. पुढे पावसाने परिस्थिती सुधारली. जुलै-ऑगस्टमधला दमटपणा मुंबईची आठवण करून देतो, आणि जुन्या इमारतींतील अनेक घरांत वातानुकूलन नाही. उकाड्याने हैराण झालेल्यांसाठी पालिकेने ग्रंथालये, शाळा आणि बागा मिळून तीनशेहून अधिक निवाऱ्याच्या जागा ठरवून दिल्या आहेत, ही सोय स्तुत्य आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर लहान मुले असलेल्या, स्थानिक नोकरी हाती असलेल्या आणि दहा वर्षे राहण्याची तयारी ठेवणाऱ्या कुटुंबाने इथे जरूर यावे. पैसे साठवून परत जायचे असेल त्यांनी उत्तरेकडच्या देशांचा विचार करावा, आणि वृद्ध आईवडिलांची एकट्याने जबाबदारी असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वी त्यांच्या वास्तव्याचे आणि औषधपाण्याचे नियम नीट तपासावेत.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे, की परदेशवासाविषयीच्या लेखांत घरभाड्याचा करार, रहिवासाची नोंद, पालकांना आणण्याचे नियम आणि स्थानिक भाषा यांची माहिती अवश्य द्यावी, आणि ती देताना स्थलांतराचा व्यवसाय करणाऱ्या सल्लागारांच्या जाहिरातींवर विसंबून न राहता त्या शहरात भाड्याने राहणाऱ्या माणसांना विचारावे.

आपली,
एक वाचक, बार्सिलोना (स्पेन)