लांब गाणी विकली जात नाहीत, हे खरं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत प्रोग्रेसिव्ह रॉकवर, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीतावर, अख्खं पान आलं हे बघून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा सहसा मिळत नाही. पण लेखातला मुख्य मुद्दा, की या बँड्सनी गाणी छोटी आणि सोपी केली तेव्हाच त्यांचा माल खपायला लागला, तो मला अजिबात पटला नाही. ज्या अल्बम्सनी हे बँड खरंच मोठे केले ते काढून बघा, बहुतेक ठिकाणी उलटंच दिसतं.

रश या बँडचं घ्या. कॅनडाचे तिघं. १९७५ चा 'करेस ऑफ स्टील' हा अल्बम साफ पडला, टूरला माणसं येईनात, रेकॉर्ड कंपनी म्हणायला लागली की आता जरा रेडिओवर वाजेल असं काहीतरी करा. यांनी काय केलं, तर १९७६ मध्ये '२११२' काढला ज्याची पहिली अख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच सलग कथा! आणि त्याच रेकॉर्डने त्यांना वाचवलं. चार्टवर, म्हणजे खपाच्या यादीत, फार वर गेली नाही पण खपत राहिली, पुढच्या वर्षी अमेरिकेत गोल्ड झाली, म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा गाठला, आणि त्यानंतर कंपनीने त्यांच्या कामात नाक खुपसणं बंद केलं. पुढे १९८१ ला 'मूव्हिंग पिक्चर्स' अमेरिकेत तिसऱ्या नंबरला गेला तो या पायावर.

जेथ्रो टल या बँडचं तर विचारूच नका. 'अ‍ॅक्वालंग'ने १९७१ मध्ये त्यांचं अमेरिकेत चांगलं बस्तान बसवलं होतं, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांनी 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' आणला, म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांच्या वर एकच गाणं, आणि कव्हर म्हणजे खोट्या बातम्या छापलेलं एक आख्खं वर्तमानपत्र. अमेरिकेत नंबर एक. सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी रेकॉर्ड, म्हणून काढायला त्यात वेगळं गाणंच नव्हतं तरी नंबर एक.

आता पिंक फ्लॉइड. लेखात 'डार्क साइड ऑफ द मून' दोन ओळीत उरकलाय आणि तो 'सोप्या गाण्यांचा अल्बम' म्हटलाय, हे वाचून वाईट वाटलं. गाणी आधीच्या तेवीस-तेवीस मिनिटांच्या तुकड्यांपेक्षा छोटी आहेत हे मान्य, पण ती एकात एक अशी मिसळलीयेत की मधूनच सुई उचलावीशी वाटत नाही. 'मनी' हे गाणं तर सात मात्रांत चालतं, आपल्या रूपक तालासारखं, फक्त गिटारच्या सोलोला ते चारात येतं, आणि असलं गाणं अमेरिकेत सिंगल म्हणून तेराव्या नंबरला गेलं. हे सगळं रातोरात झालेलं नाही. हा त्यांचा आठवा स्टुडिओ अल्बम. जानेवारी १९७२ पासून ते हे सगळं स्टेजवर वाजवत होते, रेकॉर्ड बाजारात आली मार्च १९७३ ला, म्हणजे वर्षभराहून जास्त लोकांसमोर घासूनपुसून मग छापलं. ब्रिटनमध्ये १९७० लाच 'अ‍ॅटम हार्ट मदर'ने त्यांना नंबर एक दिला होता, आणि त्याची एक बाजू म्हणजे ऑर्केस्ट्रासकट एकच रचना! अडलं होतं ते अमेरिकेत. त्यांचा 'मेडल' हा अल्बम तिथे सत्तराव्या नंबरवर थांबला होता.

अमेरिकेतलं हे गाडं पुढे कोणी ढकललं हे लेखात यायलाच हवं होतं, कारण तो माणूस आपल्या इथला. भास्कर मेनन. त्रिवेंद्रमचा जन्म, आपल्याकडच्या ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे एचएमव्हीचे, प्रमुख होते आणि १९७१ मध्ये कॅपिटॉल रेकॉर्ड्स ही फ्लॉइडची तिथली रेकॉर्ड कंपनी सांभाळायला अमेरिकेत गेले, कंपनी तेव्हा तोट्यात. फ्लॉइडवाले कॅपिटॉलवर इतके वैतागले होते की अमेरिकेसाठी दुसऱ्या कंपनीकडे जायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मेनननी त्यांना गाठून निदान हा एक अल्बम तरी आपल्याकडे ठेवला आणि मग कंपनीची सगळी ताकद त्याच्या मागे लावली. एप्रिल १९७३ मध्ये तो अमेरिकेत नंबर एक झाला, एकच आठवडा, पण नंतर चार्टवरून हलेचना, १९८८ पर्यंत सातशेहून जास्त आठवडे! २००७ ला फ्लॉइडचा जुना गायक-बासवादक रॉजर वॉटर्स मुंबईत आला तेव्हा बीकेसीत हाच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला.

लेखकाचं म्हणणं जेनेसिस या बँडला लागू होतं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. 'फॉलो यू फॉलो मी' हे साधं प्रेमगीत १९७८ चं, आणि तो अल्बम अमेरिकेत गोल्ड झालेला त्यांचा पहिला. पण एका बँडवरून सगळ्यांचा नियम कसा काढायचा? येस या बँडचं 'राउंडअबाउट' रेडिओसाठी कापून साडेतीन मिनिटांच्या आत आणलं हे खरं, पण ते ऐकून लोकांनी विकत घेतला तो 'फ्रॅजाइल' हा अल्बम, ज्यात तेच गाणं साडेआठ मिनिटांचं आहे. आणि अमेरिकेतली एफएम स्टेशन्स तेव्हा लांब गाणी न कापता लावायची, त्यामुळे ऐकणाऱ्यांना सवयच होती. त्यानंतरचा 'क्लोज टू द एज', ज्यात मोजून तीन गाणी, तो अजून वर गेला, तिसऱ्या नंबरला.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत भास्कर मेननवर एक स्वतंत्र लेख जरूर करा. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा माझ्या तरी वाचनात मराठीत काही आलं नाही. ईएमआय या कॅपिटॉलच्या मालक ब्रिटिश कंपनीचा जगभरचा संगीत व्यवसाय ज्याने सांभाळला त्या माणसाला एक पान तरी मिळायला हवं, आणि कॅपिटॉलच्या आधीची त्यांची एचएमव्हीतली वर्षंसुद्धा त्यात घ्या.

आपला नियमित वाचक,
ठाणे