बुधवार पेठेतल्या माइकवाल्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

पासोड्या विठोबाजवळच्या तुमच्या दुकानात दिवसभर एवढी वर्दळ असते, की अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणारी आम्ही मंडळी तुमच्या लक्षात असू की नाही, कोण जाणे. आभार चारचौघांत मानतेय, कारण तुम्ही जे समजावून सांगितलंत ते आमच्यासारख्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

आमच्या वाचणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. आवाज हळुवार, पण उच्चार असे, की एकही जोडाक्षर निसटत नाही. त्यांना ‘जरा मोठ्याने वाचा’ म्हटलं की वाचनातला गोडवाच जातो. त्यातून आम्हाला देणगीत मिळालेला माइक शुअरचा एसएम७बी. माइक उत्तम, पण डायनॅमिक (म्हणजे स्वतःला वीज न लागणारा), आणि सिग्नल फार बारीक देणारा. त्याला निदान ६० डेसिबल गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, लागतो, असं कंपनीच सांगते. आमच्या छोट्या इंटरफेसचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा, गेन शेवटपर्यंत फिरवला, की बाईंच्या आवाजामागे अखंड सूंऽऽ. चार मिनिटांच्या गाण्यात ते खपून जाईल हो. पण अभ्यासाचं पुस्तक मुलं तासन्‌तास कानाला हेडफोन लावून ऐकतात.

नवा, महागडा इंटरफेस घ्यावा लागणार, अशी मनाची तयारी करून आम्ही आलो होतो. तुम्ही आधी फाइल नीट ऐकलीत, आणि पहिला उपाय सांगितलात तो बिनपैशाचा : माइक जवळ घ्या, तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल वाढतात. तेवढ्याने भागणार नाही हे कळल्यावरच तुम्ही ती बोटाएवढी नळी काढलीत, इनलाइन प्रीअँप, म्हणजे माइक आणि इंटरफेसच्या मध्ये बसून सिग्नल वाढवणारी.

ते नेमकं काय करतं, हे तुम्ही सांगितलंत तसं मला आजही पाठ आहे. बियाणं निवडावं तसा पहिला टप्पा स्वच्छ हवा. तिथे मिसळलेला खडा पुढे सगळ्या टप्प्यांतून मोठा होत जातो. माइकमधून निघणारा सिग्नल मिलिव्होल्टचा, हळू वाचताना त्याहूनही कमी. नळीतलं एफईटीचं (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं) सर्किट स्वतःची खरखर फारशी न घालता तो २५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अठरापट, वाढवतं. मग इंटरफेसच्या स्वतःच्या आवाजाला त्यापुढे फारसं महत्त्व उरत नाही. नळी माइकला लागूनच बसवायची, म्हणजे लांब केबलमध्ये शिरणारी गुणगुण वाढवलेल्या सिग्नलपुढे फिकी पडते. आणि तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. इंटरफेसवरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर, ती चालते. नळी ही फँटम पुढे माइकपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून त्या विजेने बिघडू शकणाऱ्या नाजूक रिबन माइकलाही धोका नाही, आणि म्हणूनच फँटमवर चालणाऱ्या कंडेन्सर माइकला नळी लावून उपयोग नाही.

दादा, मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुम्ही न मागता दिलेली माहिती. ‘तुमचा इंटरफेस मुळात शांत असता, तर ही घेऊ नका असंच सांगितलं असतं,’ हे तुम्ही पैसे घेण्याआधी म्हणालात. पंख्याचा आणि रस्त्यावरचा आवाज हिच्यामुळे कमी होणार नाही, उलट आवाजाबरोबर तोही वाढेल, हेही बजावलंत. गरज असलेल्या माणसाला दुकानात उभं राहून ‘हे यातून होणार नाही’ असं स्पष्ट सांगणारा माणूस मिळणं, याला मी फार मोठी गोष्ट मानते.

आता गेन मधोमध ठेवून रेकॉर्डिंग होतं. खिडकीला जाड गोधडी लावली आहे, पंखा बंद असतो. बाई आपल्या लयीत वाचतात, वाक्य संपल्यावर थांबतात, आणि त्या थांबण्यात मागे काहीही ऐकू येत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, ‘ताई, बाईंची खोली बदलली का?’ हे तुमच्या कानावर घालायचं राहिलं होतं.

पुढच्या महिन्यात बालगीतं रेकॉर्ड करायची आहेत, पेटी आणि ढोलकीसह. ढोलकीसारख्या मोठ्या आवाजाला नळी काढून ठेवायची, नाहीतर आवाज फाटेल, हे तुमचं सांगणं वहीत लिहून ठेवलंय. तरी ढोलकीचा माइक कुठे ठेवायचा ते विचारायला येईनच. बाईंनाही तुम्हाला भेटायचं आहे. त्यांना घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
बाईंचं रेकॉर्डिंग करणारी ताई